विमान पाहावे बांधून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण रचली गेली तेव्हा लढाऊ विमाने नव्हती, नाहीतर घर आणि लग्न या किरकोळ खर्चांचा तिच्यात उल्लेखही आला नसता. तेव्हा तुमच्या हाती एखादे राष्ट्र, त्याचा खजिना आणि थोडी हौस असेल, तर लढाऊ विमानाचा कार्यक्रम अवश्य काढा. मार्गदर्शनासाठी वणवण करण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या एफ-35 ने गेल्या पाव शतकात या शास्त्राचा कित्ता घालून दिलेला आहे. तो श्रद्धेने गिरवला की झाले.

आरंभ नेहमी काटकसरीच्या भाषेने करावा. अमेरिकेच्या हवाई दलाला धावपट्टीवरून उडणारे विमान हवे होते, नौदलाला जहाजाच्या डेकवर उतरणारे आणि मरीन कोअर या समुद्रातून किनाऱ्यावर चढाई करणाऱ्या दलाला जागच्या जागी सरळ खाली येणारे. मग तिघांचे सदरे एकाच ताग्यातून बेतले तर शिलाई वाचेल, हा विचार कोणाला पटणार नाही? ऑक्टोबर 2001 मध्ये लॉकहीड मार्टिन या कंपनीला कंत्राट मिळाले तेव्हा 2,866 विमानांचा अंदाजे खर्च 233 अब्ज डॉलर होता. पुढे कार्यक्रमाच्या प्रमुखांनीच सांगून टाकले की तिन्ही विमानांत सारखे म्हणावे असे भाग जेमतेम 20 ते 25 टक्के आहेत. म्हणजे सदरे तीन शिवले गेले, बटणे तेवढी सारखी राहिली. पण तोवर माप देऊन झालेले होते, आणि शिंपी बदलण्याची वेळ टळून गेली होती.

ही वेळ टळणे फार महत्त्वाचे आहे. त्यासाठी विमानाची चाचणी पूर्ण होण्याआधीच त्याचे उत्पादन सुरू करावे. पेंटागॉनच्या, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या, खरेदी विभागाची सूत्रे सांभाळणारे फ्रँक केंडल यांनी 2012 मध्ये या पद्धतीला चक्क गैरव्यवहार ठरवले. परंतु अशा टीकाकारांना हे कळत नाही की चाचणीत दोष सापडला आणि तोवर शंभरेक विमाने तयार असली, तर कार्यक्रम बंद करा असे म्हणण्याची कोणाची छाती होत नाही. नौदलाच्या विमानाचेच पाहा. डेकवर आडवी ताणलेली तार शेपटीखालच्या हुकाने पकडायची आणि थांबायचे, एवढेच काम. पण चाके आणि हूक यांच्यातले अंतर इतके कमी ठेवले होते, की चाकाखाली दबलेली तार पुन्हा वर येण्याआधीच हूक तिच्यावरून निघून जाई. हुकाचा आराखडा नव्याने करावा लागला. पूर्ण क्षमतेने उत्पादन करण्यास अधिकृत मंजुरी मिळाली ती मार्च 2024 मध्ये, आणि तोवर सुमारे 1,000 विमाने बनूनही गेली होती. लग्नाचा मुहूर्त नातवंडांच्या मुंजीनंतर काढावा, तसा हा प्रकार आहे.

आता कार्यक्रमाच्या मजबुतीकडे वळू. विमानाचा सांगाडा कशाचा असतो याची चर्चा अभियंते करोत. तुम्ही एवढेच पाहा की त्याचे सुटे भाग किती मतदारसंघांत बनतात. एफ-35 चे पुरवठादार अमेरिकेतल्या 45 हून अधिक राज्यांत विखुरलेले आहेत. एखाद्या गावात पाईप वाकवणारा कारखाना असतो, त्यात काही शे माणसे असतात, त्या माणसांचा काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, एक सदस्य असतो, आणि त्या सदस्याला देशाच्या संरक्षणाची अचानक अतोनात काळजी वाटू लागते. शत्रूच्या रडारला हे विमान दिसू नये म्हणून केवढा खटाटोप केला आहे, परंतु स्वपक्षाच्या आणि विरोधी पक्षाच्या कात्रीपासून त्याचे रक्षण करते ती ही पाईपची वाटणी. पेंटागॉन स्वतः नको म्हणत असताना या विमानासाठी दुसरे, पर्यायी इंजिन बनवण्याचा खर्च काँग्रेस वर्षानुवर्षे मंजूर करत राहिली. ते काम 2011 मध्ये कसेबसे थांबले.

वाटणीत परदेशही घ्यावेत, म्हणजे बंद करण्याचा विषय परराष्ट्र धोरणाचा होतो. अर्थात भावकी वाढली की रुसवेफुगवेही आलेच. तुर्कस्तान यात भागीदार होता, विमानाचे शेकडो भाग तिथे बनत. त्याने रशियाची विमाने पाडणारी एस-400 क्षेपणास्त्रे घेतल्यावर 2019 मध्ये त्याला पंगतीतून उठवण्यात आले आणि त्याच्यासाठी बनलेली 8 विमाने पुढे अमेरिकेच्याच हवाई दलाने घेतली.

खर्चाबद्दल कोणी विचारलेच, तर कारखान्यातून बाहेर पडताना असलेली किंमत सांगावी. हवाई दलाच्या विमानाची ती किंमत 8 कोटी डॉलरच्या खाली आली, तेव्हा झालेला गाजावाजा योग्यच होता. पोसण्याचा खर्च मात्र वेगळ्या वहीत लिहावा. साऱ्या ताफ्याला आयुष्यभर पोसण्याचा तो अंदाज 2018 मध्ये 1.1 लाख कोटी डॉलर होता, पाच वर्षांत 1.58 लाख कोटी झाला, आणि खरेदी धरून एकूण आकडा 2 लाख कोटींच्या पुढे गेला. त्यावर काढलेला उपाय तर मला मनापासून आवडतो: विमाने पूर्वी ठरवल्यापेक्षा कमी तास उडवायची. पेट्रोल परवडेना म्हणून गाडी बिल्डिंगखाली झाकून ठेवणाऱ्या मध्यमवर्गीयाला यापुढे कोणी हसू नये.

दुरुस्तीचे ज्ञान स्वतःकडे ठेवण्याचा मोह टाळा. आमच्या सोसायटीच्या लिफ्टचे दार अडकले की कंपनीचाच माणूस यावा लागतो, तो येईपर्यंत चौथ्या मजल्यावरच्या आजी खाली अडकतात, आणि सेक्रेटरी वार्षिक देखभालीच्या कराराची झेरॉक्स घेऊन येरझारा घालतात. अमेरिकेसारख्या महासत्तेनेही विमानाची पुरेशी तांत्रिक माहिती कंपनीकडून कराराच्या वेळी घेतली नाही, हे कळल्यापासून आमच्या सेक्रेटरींना बरे वाटते आहे. मार्च 2023 मध्ये तिथली जेमतेम 55 टक्के विमाने मोहिमेवर जाण्याच्या स्थितीत होती आणि सुमारे 10,000 सुटे भाग दुरुस्तीच्या रांगेत पडून होते. कंपनीला उशिराबद्दल टोचून बोलू नये, मने दुखावतात. 2024 मध्ये दिलेली सर्व 110 विमाने सरासरी 238 दिवस उशिरा आली. तरी वेळेवर पुरवठा व्हावा म्हणून ठेवलेल्या प्रोत्साहनाच्या रकमेतला वाटा कंपनीच्या पदरात पडलाच.

बांधण्याचा खटाटोप नको, नुसते विकत घ्यायचे आहे, असे म्हणत असाल तर कॅनडाला गुरू करा. तिथे 2010 मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या सरकारने 65 विमाने घेण्याचे जाहीर केले, हिशेबावरून रण माजले, आणि 2015 मध्ये हे विमान घेणार नाही असे सांगत जस्टिन ट्रूडो निवडून आले. 2023 मध्ये ट्रूडो यांच्याच सरकारने 88 विमाने 19 अब्ज कॅनेडियन डॉलरला घ्यायचे ठरवले, आणि दोन वर्षांत लेखापरीक्षकांच्या अहवालात तो आकडा 27.7 अब्जांवर गेला. नाही म्हणायला लागलेल्या वर्षांचे हे व्याज समजावे.

आपल्यालाही आमंत्रण येऊन गेले आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये वॉशिंग्टनला पंतप्रधान मोदींच्या शेजारी उभे राहून ट्रम्प यांनी या विमानाचा विषय काढला, आणि त्याच महिन्यात बेंगळुरूजवळच्या येलहंका तळावर ते लोकांनी डोळे भरून पाहिले. त्याहून निवांत दर्शन जूनमध्ये घडले. ब्रिटिश नौदलाच्या जहाजावरून उडालेले एक एफ-35 14 तारखेला तिरुवनंतपुरमला अचानक उतरले आणि हायड्रॉलिक यंत्रणेतल्या बिघाडाने तिथेच बसले. भर पावसात ते उघड्यावर भिजत होते, भोवती सीआयएसएफचे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, जवान पहारा देत होते, आणि केरळच्या पर्यटन खात्याने, पाहुण्याला इथून जावेसेच वाटत नाही, अशी जाहिरात करून टाकली. इंग्लंडहून तंत्रज्ञ आले, विमान हँगरमध्ये ओढून नेले गेले, आणि 22 जुलैला ते एकदाचे उडाले. विमानतळावर विमान उभे करण्याचे भाडे ठरलेल्या दराने मोजले जाते. एफ-35 च्या सबंध आयुष्यात आदल्या दिवशी अचूक सांगता येईल असा खर्च बहुधा तेवढाच असेल.