आडाळो

"घरात आता मालवणी बंद. पोराच्या डोक्याला मार लागलाय, त्यात दोन भाषांचा भार कशाला?" दादाने घरच्या ग्रुपवर फर्मान काढलं. न्यू जर्सीतल्या थंडीत मी पिवळ्या बसची वाट बघत होते, तिथेच डोकं तापलं.

हाच दादा २०२५ साली पहिलीपासून हिंदी नको म्हणून ग्रुपवर रान उठवत होता. २९ जूनला सरकारने ते आदेश मागे घेतले, तेव्हा पेढ्यांचे फोटो टाकले होते. मायबोलीचा एवढा कैवार, आणि पोटच्या पोराची मायबोली काढून घ्यायला निघाला!

भाचा दहा वर्षांचा. मालवणजवळच्या वळणावर स्कूटी घसरली, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. महिनाभर गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात होता. आता क्रिकेट खेळतो, म्हणून सगळ्यांच्या लेखी बरा झाला. पण गोष्ट मधूनच सुरू करतो. वर्गात गलका झाला की काही उमगत नाही. दुपारनंतर थकतो, मग नुसतं हो-नाही. बाई म्हणतात, नखरे.

मी इथे शाळेत पॅरा, म्हणजे वर्गातली मदतनीस, आहे, अशी मुलं रोज बघते. अभ्यास वाढत जातो तशी अडचण आणखी उघडी पडते. इथल्या कायद्यात मेंदूची इजा १९९० पासून वेगळी नोंदलेली आहे, आयईपी, म्हणजे त्या मुलापुरता शिक्षणाचा आराखडा, होतो, परीक्षेला जास्त वेळ मिळतो. तिकडच्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. वाचा आणि भाषा त्यात आहे, ही इजा स्वतंत्र नाही. हे सगळं मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं. आमच्याकडे थेरपी आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, चार मुलांत मिळून, तीही इंग्रजीत, हे मात्र लिहिलं नाही. त्याच्याजवळ तर दिवसभर आजी आहे, आणि आजीला मालवणीशिवाय दुसरं काही येत नाही. ती बंद केली तर पोर बोलणार कोणाशी?

दादाचं उत्तर एका ओळीचं: "तुझी लेक बोलते का मालवणी?"

तिला 'जेवलंस?' एवढंच कळतं.

वहिनीला मात्र मी सगळं समजावलं होतं. एका वेळी एकच प्रश्न विचार. मनात दहा आकडे मोज. शब्द आपण पुरवायचा नाही. फार तर पहिलं अक्षर, नाहीतर त्या वस्तूचं काय करतात ते विचारायचं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर भाचा स्वयंपाकघरातून बोलत होता. "आते, आजी बसता... ता... खोबरा खवता... ता..." हात पुढे-मागे हलत होता. ओठ जुळत होते. वहिनी गप्प, दादासुद्धा गप्प. मी तीनपर्यंत मोजलं असेल.

"आडाळो!" मीच ओरडले. किती वर्षांनी तोंडात आला होता विळीचा तो मालवणी शब्द. शेजारी बसलेल्या लेकीकडे मी मोठ्या ऐटीत बघितलं.

भाच्याने हात खाली घेतला आणि फोन आईकडे दिला.