छातीवरची लवचीक पट्टी ईसीजीला पर्याय नाही

‘त्वचेसारखी लवचीक पट्टी छातीवर चिकटवा, झटका येण्याआधीच कळेल, ईसीजी काढायची गरज नाही, घामाने काही बिघडत नाही, मात्र तिच्यातून शरीरात वीज जाते म्हणून अशक्त माणसाने लावू नये,’ असा संदेश सध्या जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. मी ईसीजी काढण्याचेच काम करतो, म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.

विजेची भीती निराधार आहे. ईसीजीची पट्टी हृदयाचा संकेत टिपते, आणि तो त्वचेवर साधारण एक मिलिव्होल्ट, म्हणजे पेन्सिल सेलच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका असतो.

घामाचे मात्र तसे नाही. खारट घाम वीज वाहून नेतो, त्यामुळे थोडा ओलावा कोरड्या इलेक्ट्रोडला, म्हणजे त्वचेला टेकून संकेत टिपणाऱ्या भागाला, उपयोगीच पडतो. पण मे महिन्यात केळीच्या बागेतून थेट आलेल्या माणसाच्या छातीवर चिकटपट्टीची कड सुटू लागते, इलेक्ट्रोड किंचित सरकतो आणि कागदावरची रेघ लाटेसारखी वरखाली होते. नुसती त्वचा ताणली गेली तरी तिथला विद्युतदाब बदलतो, आणि तो बदल कधी कधी हृदयाच्या संकेताहूनही मोठा असतो. म्हणूनच आम्ही आधी छाती पुसून कोरडी करतो, स्पिरिटचा बोळा फिरवतो आणि मगच जेली लावतो. अमेरिकी संशोधक जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०११ मध्ये मांडलेले त्वचेसारखे पातळ इलेक्ट्रोड त्वचेबरोबरच वाकतात आणि ताणले जातात, त्यामुळे हा त्रास बराच कमी होतो. तो नाहीसा होतो, असे मात्र नाही.

सर्वांत घातक आहे तो ईसीजी नको म्हणणारा भाग. दवाखान्यातला ईसीजी दहा इलेक्ट्रोड लावून हृदयाकडे बारा दिशांनी पाहतो, तर घरगुती पट्टी बहुधा एकाच दिशेने पाहते. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका प्रामुख्याने पायाकडून पाहणाऱ्या तीन लीडमध्ये, म्हणजे या बारांपैकी तीन दिशांत, उमटतो, आणि अशा रुग्णाला पुष्कळदा पोटाच्या वरच्या भागात दुखते. घरचे लोक ते पित्त समजतात. अशा वेळी पट्टीवरची रेघ सरळसाधी दिसू शकते. इतकेच काय, बारा लीडचा पहिला ईसीजीही कधी कधी निर्दोष येतो, म्हणून डॉक्टर तो पुन्हा काढायला सांगतात आणि रक्तातील ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढणारे प्रथिन, तपासतात. रक्तवाहिनी उद्या बंद होणार आहे, हे आज कोणतीही पट्टी सांगू शकत नाही. छातीत दाटून आले, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर पट्टीकडे पाहत बसू नये. १०८ ला फोन करावा.

पट्टी निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. अधूनमधून धडधड होते आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा ईसीजी आम्ही काढतो तेव्हा बहुतेक वेळा नियमितच निघतो. अंगावर चौदा दिवसांपर्यंत राहणारी पट्टी नेमकी ती धडधड पकडू शकते. फक्त ती डॉक्टरांनी सांगितल्यावर लावावी आणि तिची नोंदही त्यांनीच वाचावी.