रिकाम्या खोलीचा पसारा

जपानी पद्धतीच्या खोलीचा फोटो पाहिला की आधी स्वतःच्या घराची लाज वाटते. पिवळसर चटयांची जमीन, कागदाच्या दारातून झिरपणारा दुधी उजेड, मधोमध एक बुटकं टेबल, कोपऱ्यात एक काटकी आणि तिला एकच फूल. बास. चार्जरच्या वायरी नाहीत, औषधांची पिशवी नाही, ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेला मिक्सरचा खोका नाही. आपणही असंच राहायचं, असा निश्चय माणूस तिथल्या तिथे करतो. टोक्योत भाड्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाला तर निश्चयाचीही गरज पडत नाही. बजेट कमी असलं की जुन्या इमारतीतली अशी खोली आपोआप वाट्याला येते.

माझं मत सांगतो. ती खोली रिकामी नसते. ती रोज सकाळी रिकामी करावी लागते, आणि फोटोवाला नेमका त्यानंतर येतो.

आधी मापं. जपानात खोली चटयांत मोजतात. या चटईचं नाव तातामी, आणि एक तातामी म्हणजे एक ‘जो’. आता चटई ती चटई, असं समजून सही केलीत तर फसलात. क्योतोकडची ‘क्योमा’ चटई १९१ बाय ९५.५ सेंटिमीटर. टोक्योकडची ‘एदोमा’ १७६ बाय ८८. वसाहतींतल्या सिमेंटच्या इमारतींत बसवलेली ‘दान्चिमा’ आणखी अंग चोरून, साधारण १७० बाय ८५. क्योतोच्या सहा जोंतून दान्चीचे सहा जो वजा केले तर चांगली दीड चटई शिल्लक राहते. म्हणजे एक माणूस उताणा झोपेल आणि दुसरा बसून त्याला वारा घालेल, एवढी. हा घोळ फार होतो म्हणून जाहिरातींसाठी नियम आहे की एक जो किमान १.६२ चौरस मीटर धरायचा. गंमत म्हणजे एदोमाचे सहा जो बरोबर ९.२९ चौरस मीटर भरतात, आणि तेच झाले शंभर चौरस फूट. गिरगावातली दहा बाय दहाची खोली ती हीच. चाळीत तिला अडचण म्हणायचे, इथे तिला सौंदर्यदृष्टी म्हणतात.

याहून कमी जागेतही जपान्यांनी दिवस काढले आहेत. सेन नो रिक्यू या चहाच्या आचार्यांची सोळाव्या शतकातली ‘तायआन’ ही चहाची खोली दोन चटयांची आहे. क्योतोजवळच्या यामाझाकीला ती अजून उभी आहे. पण रिक्यूंना तिथे झोपायचं नव्हतं, हे लोक विसरतात. १९७२ साली वास्तुकार किशो कुरोकावांनी टोक्योतल्या गिंझात कॅप्सूलची इमारत उभी केली. १४० कॅप्सूल, प्रत्येक अडीच बाय चार मीटरची, म्हणजे पुन्हा सहा जोंच्या आसपास. तिथे पलंग, कपाट, न्हाणीघर सगळं भिंतीतच घडवलेलं होतं. ती २०२२ मध्ये पाडली. तातामीची खोली मात्र टिकून आहे, कारण तिच्यात काहीच घडवलेलं नसतं. जे काही घडायचं ते तुमच्या कमरेचं.

कारण खोलीत पलंग ठेवता येत नाही. म्हणजे बंदी नाही, पण तातामीचा वरचा थर ईगुसा नावाच्या लव्हाळ्यासारख्या गवताचा असतो (जपानात पिकणारं बहुतेक कुमामोतोच्या यात्सुशिरोकडचं). पलंगाचे चार पाय त्यात चार खळगे पाडतात. ओलं फडकं घट्ट पिळून खळग्यावर ठेवायचं आणि वरून इस्त्री फिरवायची. वाफेने गवत पुष्कळसं फुगून वर येतं. नंतर मात्र जागा पूर्ण वाळवायची, नाहीतर खळगा जातो आणि बुरशी येते. रोज ओल्या फडक्याने जमीन पुसायची आपली सवय इथे विषासमान. सुका झाडू किंवा व्हॅक्यूम, तोही विणीच्या दिशेनेच. आडवा मारला की गवताचे तुसे निघतात आणि पायमोज्यांना चिकटून ऑफिसपर्यंत येतात.

तर पलंग नाही, म्हणून फुतोन. फुतोन म्हणजे आपली गादी, आणि ‘मिनिमलिझम’ म्हणजे आपली वळकटी, हे एकदा मान्य केलं की मन हलकं होतं. शरीर होत नाही. उठल्या उठल्या गादी घडी करायची नसते. रात्रभराचा घाम तिच्यात असतो. पांघरूण उलटून वीस-तीस मिनिटं वाफ जाऊ द्यायची, मग तीन घड्या, मग कपाटात. कंटाळा करून ती तशीच पसरून ठेवणाऱ्यांसाठी जपानीत खास शब्द आहे, ‘मान्नेनदोको’. दहा हजार वर्षांचं अंथरूण! आळशीपणाला इतका भारदस्त शब्द आपल्याकडे नाही. शिक्षा मात्र दहा हजार वर्षं थांबत नाही. अंगाची ऊब वरून, जमिनीचा गारवा खालून, दोन्हींच्या मध्ये दव धरतं. जून-जुलैत, म्हणजे ‘त्सुयु’च्या पावसाळ्यात, आठवडाभरात गादी उचलावी तर खाली हिरवट-काळे ठिपके. तातामीवरही तेच, जोडीजोडीने, कार्बन कॉपीसारखे. हे ठिपके पाण्याने पुसायचे नाहीत. फडक्यावर इथेनॉल घेऊन टिपायचे आणि खोली उघडी टाकायची.

ऊन पडलं की गादी बाहेर. वेळ दहा ते तीन, एकेक बाजू तासभर. चारनंतर आत आणलेली गादी दमट होऊन येते, मग आणली काय नि न आणली काय. ती कठड्याला धरून ठेवायला हातभर लांबीचे चिमटे मिळतात. दोन घ्या, एकाने ती वाऱ्यात शिडासारखी उभी राहते. कित्येक इमारतींत कठड्यावर गादी टाकायला मनाई असते, तिथे बाल्कनीच्या आत घोडीवर वाळत घालायची. फेब्रुवारी ते एप्रिल ‘सुगी’ नावाच्या झाडांचे पराग उडतात, तेव्हा तेही नाही. वाळवलेल्या गादीवर झोपून रात्रभर शिंकत बसण्याचा योग त्या दिवसांतला. आणि शेजारणी गादी बडवतात म्हणून आपण धोपटू नये. आतला कापूस तुटतो आणि तुटलेल्याचीच धूळ होते. हाताने झटकलं तरी पुरतं.

आता फोटोत कधीच न दिसणारी वस्तू. ओशिइरे. सरकत्या दारांमागचं, मध्ये एक फळी असलेलं, हातभर नव्हे तर चांगलं ऐंशी सेंटिमीटरहून खोल कपाट. टीव्हीवरचा तो निळा मांजर-रोबो ज्यात झोपतो तेच. खोलीतली शांतता ज्याच्या जिवावर उभी आहे ते हे कपाट म्हणजे दाराआडचा जुना बाजार असतो. मागची वस्तू काढायची तर पुढची सगळी बाहेर, आणि पुढची सगळी बाहेर म्हणजे खोली भरली. बरं, तोंड सहा फुटांचं म्हणून तेवढे मोठे खण आणायचे नाहीत. दारं एकमेकांमागे सरकतात, त्यामुळे एका वेळी निम्मंच उघडतं, आणि त्यातूनही चौकटीचे दोन-चार सेंटिमीटर जातात. माप घ्यायचं ते दार उघडल्यावर उरलेल्या फटीचं. नव्वद सेंटिमीटरचा खण दुकानात देखणा दिसतो. घरी आल्यावर तो जातच नाही. आणि टाकून द्यायचा म्हटलं तर टोक्योच्या २३ वॉर्डांत तीस सेंटिमीटरहून मोठी वस्तू ‘मोठा कचरा’ ठरते. आधी वेळ ठरवा, पैसे भरून स्टिकर आणा, तो चिकटवा, ठरल्या सकाळी बाहेर ठेवा. तोपर्यंत खण खोलीच्या मध्यभागी, फूल आणि काटकीच्या शेजारी.

खालच्या कप्प्यात चाकांचे खण, वरच्यात गाद्या, आणि गाद्यांखाली ‘सुनोको’, म्हणजे फटी असलेली लाकडी फळी. दोन्ही दारं रोज थोडी उघडी ठेवायची. कोपऱ्यात ओलावा शोषणारा कॅल्शियम क्लोराइडचा डबा ठेवतात. तो महिन्या-दोन महिन्यांत पाण्याने भरतो. ते पाणी तातामीवर सांडू देऊ नका. साधं पाणी वाळतं. हे वाळत नाही, उलट हवेतलं आणखी बोलावतं.

भिंतीबद्दल थोडक्यात. खोली सोडताना ती पूर्ववत करून द्यायची असते, आणि सरकारी मार्गदर्शिकेनुसार टाचणीची भोकं ही नेहमीची झीज धरतात, खिळ्याची आणि स्क्रूची भाडेकरूच्या माथी. उन्हाने तातामी पिवळी पडली तर मालकाचं नशीब, निष्काळजीपणाने बुरशी आली तर आपलं. म्हणून सगळा संसार ‘त्सुप्पारिबो’वर, दोन भिंतींत ताणून बसवलेल्या स्प्रिंगच्या दांडीवर. ती जागेपेक्षा सेंटिमीटरभर जास्त लांब करायची आणि दाबून बसवायची. बरोबर मापाची ठेवली तर रात्री तीनला सगळे शर्ट घेऊन खाली येते. भिंत पोकळ असेल तर कशीही बसवा, येतेच.

आणि मग येतो डिसेंबर. आपल्याकडे दिवाळीआधी जे घराचं होतं ते तिथे नववर्षाआधी होतं, आणि त्यातला मुख्य अध्याय म्हणजे शोजीचा, म्हणजे त्या सरकत्या कागदी दारांचा, कागद बदलणं. आकाशकंदील केलेल्या माणसाला वाटतं, काड्या, कागद आणि खळ, हे तर आपलंच काम. कंदील डोक्यावर टांगतात, चार फुटांवरून चुका दिसत नाहीत. शोजी नाकासमोर असते.

दार काढायचं ते ओढून नाही. वरची खाच साधारण दीड सेंटिमीटर खोल असते, खालची जेमतेम तीन मिलिमीटर. दार उचलून वरच्या खाचेत घुसवायचं, खालची कड सुटली की आपल्याकडे घ्यायचं. काढतानाच कडेला पेन्सिलने ‘उजवं’, ‘डावं’ लिहून ठेवा. हे कुणीच लिहीत नाही.

जुना कागद आधी फाडायचा नाही. मुलांना त्यात बोटं घालून भोकं पाडायची मुभा याच दिवशी असते, तेवढी द्यावी. मग जिथे खळ आहे त्या पट्ट्यांवरून ओला स्पंज फिरवायचा आणि पाच-दहा मिनिटं गप्प बसायचं. या दहा मिनिटांवर सगळं अवलंबून. धीर धरला तर कागद सालीसारखा गुंडाळून निघतो. नाही धरला तर चिंध्या, आणि प्रत्येक चिंधीसाठी नख. उरलेली खळही धुऊन काढायची, नाहीतर नवा कागद तिथे धरत नाही. चौकट सावलीत वाळवायची. उन्हात ठेवली तर लाकूड पीळ खातं आणि ते दार पुन्हा त्या खाचेत जन्मात सरकत नाही.

कागद दोन तऱ्हांचा. एक अखंड, ९४ सेंटिमीटर रुंद, पूर्ण दाराला एकच. दुसरा पट्ट्यांचा, २८ किंवा २५ सेंटिमीटरचा. चौकटीच्या आडव्या पट्ट्यांमधलं अंतर मोजून त्यातला योग्य घ्यायचा. अखंड कागद सोपा म्हणून विकतात, पण तो एकदा तिरपा बसला की दोन मीटरपर्यंत तिरपा जातो. एकट्याने करायचं तर पट्ट्या घ्या, चूक झाली तर एकच पट्टी वाया. खळ चौकटीला लावायची, कागदाला नाही. पातळ झाली तर ओघळते, दाट झाली तर उजेडात गुठळ्या दिसतात. ताकापेक्षा दाट, श्रीखंडापेक्षा पातळ. सुरुवात खालून. वरची पट्टी खालच्या पट्टीवर कौलासारखी चढली पाहिजे, कारण उलट लावलं तर जोडावर धूळ साचते आणि वर्षभर प्रत्येक जोडाला करडी मिशी दिसते. कडा कापायला पोलादी पट्टी आणि कोरं पातं. बोथट पातं ओला कागद कापत नाही, ओरबाडतं.

एवढं झाल्यावर मागे सरून पाहावं तर दार नव्हे, धुतलेलं आणि न इस्त्री केलेलं धोतर. सगळीकडे सुरकुत्या. इथे घाबरून कागद ओढायचा नाही. खळ पूर्ण वाळू द्यायची, अर्धा दिवस तरी. मग फवाऱ्याने हातभर अंतरावरून अगदी बारीक पाणी मारायचं. कागद आधी आणखी ढिला पडतो आणि काळजाचं पाणी होतं. तासाभराने वाळता वाळता तो आखडतो, ताणतो, आणि बोटाने टिचकी मारली तर डफासारखा वाजतो. खळ ओली असताना फवारलं तर सगळं सुटून हातात येतं. जास्त फवारलं तर आखडताना कागद फाटतो. आणि प्लॅस्टिकचा थर दिलेला ‘न फाटणारा’ कागद घेतला असेल तर फवारा टाकून द्या. तो आखडत नाही, त्या सुरकुत्या आता घरच्या.

दारं परत चढवायची. कागदाची बाजू बाहेर, काड्यांची खोलीकडे. आतून पाहताना उजवं दार पुढच्या खाचेत. वरची कड आधी आत, मग खालची. चढवून झाल्यावर लक्षात येतं की उजवं मागे गेलं आहे, कारण पेन्सिलने लिहिलेलं नव्हतं. मग पुन्हा उचला. दोन्ही हात वर, दार छातीवर टेकलेलं, खालची कड सुटत नाही, जोर लावायला अंगठा चौकटीवर ठेवावा तर चौकट दोन सेंटिमीटर पलीकडे असते.

त्या भोकासाठीही पद्धत ठरलेली आहे. उरलेल्या कागदाची घडी घालून पाच पाकळ्यांचं साकुराचं, म्हणजे चेरीचं, फूल कापायचं, खळ लावायची आणि वरून चिकटवायचं. दिवस मावळताना बाहेरच्या उजेडात ते फूल फार शोभून दिसतं. कुठल्याही जुन्या घरात अशी तीन-चार फुलं असतात, बहुतेक सगळी अंगठ्याच्या उंचीवर.