कोलनच्या अलीकडचं वाचू नका

लिंक म्हणजे एचटीटीपी, हे तुमच्या सॉफ्टवेअरचं पहिलं गृहीतक असू द्या. लिंकमधल्या कोलनच्या अलीकडचा शब्द म्हणजे स्कीम, पत्ता कसा उघडायचा ते सांगणारी. लोक तिथे ईमेलसाठी मेलटू लिहितात, फोनसाठी टेल लिहितात, लिंकमध्येच मजकूर भरायला डेटा लिहितात. प्रत्येकाचे लाड पुरवत बसलात तर रिलीज कधी होणार? सब घोडे बारा टक्के! वापरकर्त्याने काहीही टाकलं की पुढे एचटीटीपी, कोलन आणि दोन स्लॅश चिकटवून मोकळे व्हा. मेलटूच्या लिंकलाही चिकटवा, मग गंमत बघा. ब्राउझर 'मेलटू'ला युझरनेम समजतो, ईमेलमधल्या नावाला पासवर्ड, आणि ॲटच्या चिन्हापुढे जे डोमेन असेल त्याच्या वेबसाइटवर माणसाला नेऊन सोडतो. पत्र लिहायला निघालेला माणूस तेवढाच हिंडून येतो.

आरएफसी ३९८६, म्हणजे असे पत्ते कसे लिहायचे ते ठरवणारं मानक, उघडण्याच्या फंदात पडू नका. ते २००५ सालचं आहे, म्हणजे जुनंच. स्कीमची सुरुवात अक्षराने होते, पुढे अक्षरं, आकडे, अधिक, वजा आणि टिंब चालतात, अक्षरं कॅपिटल की स्मॉल याने काही फरक पडत नाही, असला तपशील त्यात आहे. तुम्ही आपलं पत्ता जुळवून पाहणारा नमुना, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, घरच्या घरी लिहा. फोनच्या कीबोर्डने पहिला एच कॅपिटल केला की 'पत्ता अवैध आहे' असं लाल अक्षरांत ठणकावून सांगा. कुणी 'लोकलहोस्ट, कोलन, ८०८०' हा स्वतःच्याच संगणकाचा पत्ता टाकला तर? नियमाने पाहिलं तर तिथे लोकलहोस्ट हीच स्कीम ठरते. अशा वेळी तुमच्या प्रोग्रामला जे सुचेल ते करू द्या, फक्त दर आवृत्तीत वेगळं.

सुरक्षेची फारच हौस असेल तर नकोशा स्कीमची यादी करा, तीत 'जावास्क्रिप्ट' घाला आणि निर्धास्त झोपा. 'जावा' आणि 'स्क्रिप्ट'च्या मध्ये कुणी टॅब सरकवला तर तुमची तपासणी त्याला ओळखणार नाही. ब्राउझर मात्र पत्ता वाचण्याआधी टॅब आणि नव्या ओळीची खूण काढून टाकतो आणि स्क्रिप्ट इमानेइतबारे चालवतो. पत्त्याचे भाग नियमाने वेगळे करणाऱ्या पार्सरकडून आधी पत्ता फोडून घ्यायचा, हव्या त्या तीन-चार स्कीमनाच आत घ्यायचं आणि बाकीच्यांना दारातून परत पाठवायचं, हा भित्र्यांचा मार्ग झाला. (दुर्दैवाने तोच चालतो.)

लिंकचा प्रिव्ह्यू सर्व्हरवर बनवता? मग तर सोन्याहून पिवळं. फाइल स्कीमला मज्जाव करू नका, म्हणजे तुमच्याच सर्व्हरवरच्या फायली सुबक कार्डात घालून अनोळखी माणसापुढे मांडता येतील. पहिला पत्ता एचटीटीपीएस आहे एवढं पाहिलंत की झालं, रिडायरेक्ट पुढे कुठे नेतो ही त्याची मर्जी. पत्त्यावरून मजकूर आणून देणाऱ्या कर्ल या साधनाच्या कर्त्यांनी रिडायरेक्टमधून फाइल किंवा गोफर या जुन्या स्कीमकडे वळता येऊ नये असा बंदोबस्त मुळातच करून ठेवला आहे. तो सैल करायचा पर्यायही त्यांनी दिला आहे, तेव्हा वाया घालवू नका.

आता ज्या स्कीम ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवते त्या. तिथे 'हे उघडू का?' असं विचारणं म्हणजे वापरकर्त्याचा अपमान. २०१२ मध्ये काही अँड्रॉइड फोनवर वेब पानातल्या टेल लिंकमधला कोड डायलर न विचारता चालवायचा, फोन पुसून टाकणारा कोडसुद्धा. २०२२ मधल्या फोलिना या सुरक्षेतल्या भगदाडाने तर कमालच केली. वर्डची फाइल, तिच्यातून एमएस-एमएसडीटी स्कीम, तिच्यातून विंडोजचं निदान करणारं साधन आणि त्याच्या हातून हल्लेखोराचे आदेश. एका क्लिकचा केवढा विस्तार!

राहता राहिली तुमच्या ॲपची स्वतःची स्कीम. नाव छोटं, सोपं, कुणालाही सुचेल असं घ्या आणि लॉगिननंतरचा कोड त्याच स्कीमवर मागवा. ज्या ॲपने लॉगिन सुरू केलं त्यालाच तो कोड वापरता यावा, अशी सोय करणाऱ्या पीकेसीईची भानगड नको. दुसऱ्या ॲपने तेच नाव लावलं आणि कोड तिकडे गेला, तर तुमच्या सर्व्हरवरचा एका वापरकर्त्याचा भार कमी झाला म्हणायचं.