‘स्वॅप बंद करा, लॅपटॉप पळेल’? नाही पळणार

८ जीबी रॅमवर लिनक्स चालवणाऱ्यांना हा सल्ला हमखास फॉरवर्ड होऊन येतो: स्वॅपमुळे (म्हणजे रॅममधला डेटा हलवून ठेवायच्या, सहसा डिस्कवरच्या जागेमुळे) मशीन रखडतं, एसएसडी झिजते, तेव्हा स्वॅप बंद करणारी ‘स्वॅपऑफ -ए’ ही कमांड मारा आणि मोकळे व्हा.

आधी रखडण्याचं बघू. रॅम भरली की कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, काहीतरी बाहेर काढावंच लागतं. फायलींतून आलेली पेजेस (रॅमचे छोटे तुकडे) टाकून दिली तरी डिस्कवरून पुन्हा वाचता येतात. प्रोग्रॅमने कामासाठी मागून घेतलेल्या पेजेसना मात्र डिस्कवर घर नसतं. स्वॅप हेच त्यांचं घर. ते पाडलंत, की सकाळपासून न बघितलेला ब्राउझरचा टॅब रॅममध्ये ठाण मांडून बसतो आणि कर्नल फायलींची पेजेस टाकत सुटतो. त्यांत चालू प्रोग्रॅमचा कोडही आला. तोच टाकायचा, लगेच पुन्हा वाचायचा. माउस जागचा हलत नाही. ज्या ये-जा करण्याला कंटाळून स्वॅप बंद केला, तीच वाढली! रॅम संपली की एखादा प्रोग्रॅम मारून जागा करणारा ओओएम किलर येतो, पण बऱ्याचदा वरात निघून गेल्यावर.

एसएसडीची काळजी? ५०० जीबीच्या अनेक ड्राइव्हवर ३०० टीबी लिहिण्याची हमी मिळते. रोज १० जीबी स्वॅप लिहिला तर ८० वर्षं जातील.

‘स्वॅप १ जीबी भरलाय’ हा स्क्रीनशॉट पुरावा नव्हे. नको असलेली पेजेस तिथे पडून राहिली तर बिघडलं काय? ‘व्हीएमस्टॅट १’ चालवून एसआय (स्वॅपमधून रॅममध्ये येणारं) आणि एसओ (रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं) हे रकाने बघा. तिथले आकडे सतत मोठे दिसले, तर रॅम खरंच कमी पडतेय.

‘स्वॅपीनेस’ या कर्नलच्या सेटिंगचा आकडा ६० म्हणजे रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू, हेही खोटं. ती टक्केवारी नाहीच. कोणती पेजेस आधी काढायची याचा तो कल आहे. २०२० च्या ५.८ कर्नलपासून तो २०० पर्यंत नेता येतो. आणि ० केला म्हणजे स्वॅप बंद झाला, असंही नाही.

फिरत्या हार्डडिस्कवरचा स्वॅप जीव खातो, एवढं मात्र मान्य. तिथे झेडरॅम वापरा: तो पेजेस दाबून (कॉम्प्रेस करून) रॅममध्येच ठेवतो. फेडोराने ३३ व्या आवृत्तीपासून तोच मूळ पर्याय केला.

तरीही हात शिवशिवत असतील तर आधी ‘फ्री -एच’ चालवून रॅम किती मोकळी आहे ते बघा. स्वॅपऑफ मारला की तिथलं सगळं रॅममध्ये परत आणावं लागतं, आणि तक्रार तर रॅममध्ये जागा नाही हीच होती.