दहा वर्षांच्या पोरांची ट्रॉफी कुणासाठी?

ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावला सिंगापूरने भारताला फुटबॉलमध्ये 2-1 हरवलं, 2027 च्या आशिया चषकाचं दार बंद झालं, आणि तेव्हापासून बडोद्याच्या आमच्या नातेवाइकांत एकच पालुपद सुरू आहे : पायाच कच्चा, तयारी लहानपणापासून हवी, तिकडे जर्मनीत बघा. मी राहतो श्टुटगार्टजवळ, त्यामुळे 'तिकडे बघा' म्हटलं की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. त्यात माझा मावसभाऊ बडोद्यातच, कारेलीबागेत मुलांची फुटबॉल अकादमी चालवतो. दादाचं म्हणणं असं, की जर्मनांसारखं पोरांना लवकर स्पर्धेत उतरवायला हवं. शिवाय दहा वर्षांखालच्या गटाची ट्रॉफी आली की पुढच्या महिन्यात प्रवेश वाढतात.

प्रवेश वाढतात हे खरं. जर्मनांचं मात्र त्याने उलटं धरलंय.

इथे शनिवारी सकाळी आमच्या गावच्या मैदानावर सात-आठ वर्षांची पोरं येतात. छोटी छोटी मैदानं आखलेली, प्रत्येकावर चार बुटके गोल, तिघांविरुद्ध तिघे. गोल झाला की दोन्ही बाजूंचा एकेक खेळाडू बाहेर आणि राखीव आत. हे आपोआप होतं, त्यामुळे कच्च्या पोराला बाकावर बसवून ठेवण्याची सोयच नाही. जिंकणारा संघ एक मैदान वर सरकतो, हरणारा एक खाली, म्हणजे पुढच्या सामन्यात जोडीला जोड मिळते. पंच नसतो, चेंडू बाहेर गेला की नाही, ते पोरंच भांडून ठरवतात. आईबाप दोरीच्या पलीकडे. दिवसाअखेर गुणतक्ता नाही, ट्रॉफी नाही. जर्मन फुटबॉल महासंघाने 2024-25 च्या हंगामापासून सर्वांत लहान गटांसाठी हा प्रकार सक्तीचा केला.

यावर इथेही रान उठलं होतं. डॉर्टमुंड या बड्या क्लबचे कारभारी वाट्झके तेव्हा महासंघाचे उपाध्यक्ष, तरी त्यांनी या बदलावर उघड टीका केली : पोरांना हरायची सवय कधी लागणार? त्यानंतर काही महिन्यांत, डिसेंबर 2023 मध्ये, जर्मनीच्या मुलांनी सतरा वर्षांखालचा विश्वचषक जिंकला, आणि ती मुलं जुन्या पद्धतीतच वाढलेली. म्हणजे वाद मिटलेला नाही, आणि मीही जर्मनांची आरती ओवाळायला बसलेलो नाही. 2000 च्या युरो चषकात गटात तळाला राहिल्यावर त्यांनी बुंडेसलिगाच्या, म्हणजे देशातल्या अव्वल लीगच्या, क्लबांना अकादमी सक्तीची केली, त्यातून मोठे खेळाडू निघाले. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी 'तू नको' ऐकून घरी आलेली पोरंही त्याच व्यवस्थेची.

मला फरक दिसतो तो पैशाच्या वाटेत. आमच्या गावचं मैदान नगरपालिकेचं. वर्गणी किरकोळ. शिकवणारे कुणाचे तरी बाबा, पोरांच्या जर्सी आळीपाळीने घरोघरी धुतल्या जातात, सामन्याच्या दिवशी सॉसेज विकून चेंडूंचे पैसे निघतात. हरलं काय, जिंकलं काय, क्लब बुडत नाही. दादाला टर्फ तासावर घ्यावं लागतं. संध्याकाळी सातनंतरचे तास बॉक्स क्रिकेटवाले जास्त पैसे देऊन उचलतात, म्हणून त्याची पोरं उन्हं उतरायच्या आधीच, तापलेल्या टर्फवर पळतात. फीवर संसार, आणि फी देणारे पालक विचारतात : यंदा काय जिंकलं? मग थोराड पोरांना खेळवायचं, धिम्या पोरांना पाणी द्यायला ठेवायचं, आणि कधी कधी जन्मदाखल्याकडे काणाडोळाही. (खरं वय काढणाऱ्या हाडांच्या तपासणीला लोक भितात ते उगाच नाही.)

'एखादा पोरगा मोठ्या क्लबात गेला की पैसे सुटतील' ही आशा तर सोडूनच द्यावी. फिफाच्या नियमाने खेळाडू करार चालू असताना परदेशी विकला गेला, तर रकमेतले 5 टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. त्यात बारा ते पंधरा या प्रत्येक वर्षाचा वाटा पाव टक्का. एक कोटीचा सौदा झाला तरी चार वर्षं राबणाऱ्याच्या हाती एक लाख. तोही संघटनेकडे रीतसर नोंदणी असेल तरच.

म्हणून मी दादाला म्हणतो, ट्रॉफीऐवजी दोन आकडे भिंतीवर लाव : सगळ्यांत कच्चं पोर महिन्यात किती मिनिटं सामना खेळलं, आणि दहाव्या वर्षी आलेल्यांतली किती पोरं पंधराव्या वर्षी अजून येतात. प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरासारख्या जुन्या आखाड्याचं नाव अजून घेणाऱ्या बडोद्यात आठवड्यातून एक तास शिट्टी घेऊन उभे राहणारे चार बाप मिळू नयेत, हे मला पटत नाही.

दादा यावर हसला. म्हणाला, "तुझ्याकडे नववीचा क्लास नसतो रे. माझी पोरं ट्रॉफी नाही म्हणून सोडून जात नाहीत, ट्यूशनमुळे जातात." हे त्याचं बरोबर आहे, आणि याला जर्मनीत उत्तर नाही, कारण इथे ट्यूशनचा असा रेटाच नाही. मी सुचवलं, नववी-दहावीच्या पोरांना आठवड्यात दोनच दिवस बोलव, रविवारी सकाळी फक्त सामने, फी अर्धी. तो म्हणाला, अर्ध्या फीत टर्फ कोण देईल? सध्या आमचं घोडं तिथेच अडलंय. पोलो ग्राउंडवर रविवारी सकाळी सातच्या आत कोपरा मिळतो का, हे त्याचा धाकटा भाऊ बघून येणार आहे.