ताप नाही म्हणजे रक्तात जंतू नाहीत?

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मतितार्थ असा: न्यूमोनिया झालेल्या प्रत्येक मुलाच्या रक्तात जंतू (बॅक्टेरिया) शिरतात, ताप १०३ च्या वर गेला की शिरले समजा, ताप नसेल तर निर्धास्त राहा, ब्लड कल्चर (रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) निगेटिव्ह आलं की प्रश्न मिटला, आणि डॉक्टर भेटेपर्यंत घरात उरलेलं अँटिबायोटिक सुरू करा.

‘प्रत्येक मुलाच्या’ हे तर सरळच चूक. लहान मुलांचे बरेचसे न्यूमोनिया विषाणूंमुळे होतात. अगदी दवाखान्यात भरती झालेल्या मुलांतही शंभरातल्या मोजक्याच जणांच्या कल्चरमध्ये खरे जंतू सापडतात. सापडले तर बहुतेकदा न्यूमोकोकस, म्हणजे न्यूमोनियाचा नेहमीचा बॅक्टेरिया.

खरा घातक भाग तापाचा. ज्यांच्या रक्तात जंतू जाण्याची भीती सर्वांत जास्त, नेमकी तीच मुलं अनेकदा ताप दाखवत नाहीत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ घ्या, किंवा दंडाला पट्टी लावल्यावर घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली येतो असं तीव्र कुपोषित मूल. शरीरात तापायलाही ताकद लागते! अशा मुलाचं अंग कधीकधी उलट गार पडतं, ते दूध ओढत नाही, हाक मारली तरी निपचित असतं. थर्मामीटर ९७ दाखवतो आणि घरचे म्हणतात, उतरला ताप. जोखीम मोजायची तर वय, कुपोषण, अपुरं लसीकरण, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), एचआयव्ही, प्लीहा (पोटातला जंतूंशी लढणारा अवयव) नसणं, फुप्फुसाभोवती पाणी किंवा पू साचणं, हे बघावं लागतं. तापाचा आकडा या यादीत फार खाली येतो.

ताप अगदीच बिनकामाचा नाही, पण किती चढला यापेक्षा उतरतोय का, हे जास्त बोलकं. औषध सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले तरी ताप हटत नसेल, तर छातीत पू झालाय का हे तपासतात.

घरी बघायचंच असेल तर श्वास बघा. मूल शांत असताना सदरा वर करून पूर्ण एक मिनिट पोट-छातीची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०: श्वास तेवढे किंवा त्याहून जास्त असतील तर डॉक्टर गाठा. छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल काही पीत नसेल किंवा झटके येत असतील, तर मोजत बसू नका.

कल्चरचं म्हणाल, तर तान्ह्या बाळाचं रक्त मिळतं एखाद-दोन मिली. तेवढ्या थेंबांत जंतू नसले म्हणून रक्तात नाहीतच असं होत नाही. उलटंही घडतं: कातडीवरचे जंतू सुईबरोबर बाटलीत जातात आणि रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येतो. म्हणून डॉक्टर रिपोर्टइतकंच मुलाकडेही बघतात. घरी सांभाळण्याजोगं, लसी पूर्ण झालेलं मूल असेल तर ही तपासणी सहसा लागतही नाही.

राहिलं उरलेलं अँटिबायोटिक. कल्चरच्या आधी दोन चमचे पाजले, की कल्चरच्या बाटलीत जंतू अनेकदा वाढत नाहीत आणि मेसेजमधला तो ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट आपणच तयार करून ठेवतो. पाजून झालंच असेल तर लपवू नका. औषधाची बाटली सोबत न्या आणि किती, कधी दिलं ते आधी सांगा.